नेटवर्किंगमधल्या संशोधकाच्या कामाचा माग कसा काढायचा: जॉर्ज वर्गीस यांच्या पेपरांवरून

एमटेकच्या मुलांना सेमिनारसाठी मी दरवर्षी एकच काम देते. नेटवर्किंगमधला एक संशोधक निवडा आणि त्याच्या कामाचा प्रभाव कुठवर पोहोचला ते शोधून सांगा. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण गूगल स्कॉलरवरून सायटेशनचा आकडा (इतर पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला तो) आणि त्यावरूनच काढलेला एच-इंडेक्स उचलून आणतात. आकडा खोटा नसतो. पण आमच्या विषयात चांगली कल्पना राउटरच्या चिपमध्ये, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एखाद्या फाइलमध्ये, आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या परिच्छेदात जाऊन बसते, आणि तिथे तिची मोजदाद कुणी ठेवत नाही. तिथपर्यंत कसं पोहोचायचं ते एका खऱ्या उदाहरणावरून दाखवते.

उदाहरण म्हणून जॉर्ज वर्गीस घेऊ. १९८१ साली पवईच्या आयआयटीतून बीटेक. मग अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक या कंपनीत नेटवर्किंगचं काम. एमआयटीत नॅन्सी लिंच यांच्याकडे पीएचडी. पुढे सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, यूसी सॅन डिएगो, मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि यूसीएलए. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेतल्या नेटवर्किंग गटाचा, म्हणजे सिगकॉमचा, २०१४ चा पुरस्कार त्यांना मिळाला, २०१७ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवड झाली. मी त्यांना निवडते याचं कारण मात्र पुरस्कार नाही. वेगवान राउटर आतून कसा चालतो, यावर इतकं स्वच्छ लिहिणारं दुसरं कुणी मला माहीत नाही, आणि त्यांच्या कल्पना आपल्याच लॅबच्या मशीनवर बोट ठेवून दाखवता येतात.

आधी यादी सरळ करा

जॉर्ज वर्गीस हे नाव केरळात अगदी नेहमीचं. स्कॉलरवर नुसतं नाव टाकलंत तर नेटवर्किंगच्या पेपरांमध्ये डॉक्टर मंडळींचे संसर्गजन्य आजारांवरचे पेपरही मिसळून येतात. म्हणून सुरुवात डीबीएलपीपासून करा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात सुरू झालेली ही कम्प्युटर सायन्सपुरती सूची आहे. एकाच नावाच्या दोन माणसांना ती वेगळे क्रमांक देते आणि प्रत्येक नोंदीत वर्ष, कॉन्फरन्स, सहलेखक स्पष्ट असतात. स्कॉलर नंतर उघडायचं, तेही 'सायटेड बाय'साठी.

यादी हातात आली की जोड्या लावा. नेटवर्किंगमध्ये पेपर आधी कॉन्फरन्सला येतो आणि त्याचीच वाढवलेली आवृत्ती पुढे जर्नलमध्ये छापून येते, कधी थोड्या बदललेल्या नावाने. वर्गीस आणि टोनी लॉक यांचा टायमिंग व्हील्सचा (टायमर सांभाळण्याच्या रचनेचा, ती पुढे येते) पेपर १९८७ च्या एसओएसपी या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या कॉन्फरन्समधला. जर्नलची आवृत्ती थेट १९९७ ची, आणि शीर्षकाचा शेवट वेगळा. क्रिस्टियन एस्टान यांच्याबरोबरचा ट्रॅफिक मोजण्याचा पेपर सिगकॉमच्या २००२ च्या कॉन्फरन्सचा. पुढच्या वर्षी जर्नलमध्ये आला तेव्हा शीर्षकाला 'हत्तींकडे लक्ष, उंदरांकडे दुर्लक्ष' अशा अर्थाची शेपटी जोडलेली होती. स्कॉलर अशा जोड्या कधी एकत्र करतं, कधी सुट्या ठेवतं. तुमच्या तक्त्यात त्या एकाच ओळीत हव्यात, आणि वर्ष लिहायचं ते पहिल्या आवृत्तीचं. कल्पना कधी जन्मली हे त्याच वर्षावरून कळतं.

आपल्याकडे प्रमोशनच्या गुणांमुळे जर्नल म्हणजे वरचं आणि कॉन्फरन्स म्हणजे खालचं अशी सवय लागली आहे. नेटवर्किंगमध्ये ती पूर्ण बाजूला ठेवा. इथे सिगकॉम, एनएसडीआय, आयएमसी या कॉन्फरन्समध्येच सगळ्यात कडक चाळणी लागते. वर्षभरात सिगकॉममध्ये घेतले जाणारे पेपर काही डझनांतच असतात.

लेखकांचा क्रमही जपून वाचा. २०१२ च्या एनएसडीआयमधल्या हेडर स्पेस ॲनालिसिसच्या (नेटवर्कचं कॉन्फिगरेशन गणिताने तपासण्याच्या) पेपरवर पेमान काझेमियान, वर्गीस, निक मॅककिओन असा क्रम आहे. तिथे पहिलं नाव पीएचडीच्या विद्यार्थ्याचं, ही नेहमीची रीत. पण पी-फोर या राउटर-स्विच प्रोग्रॅम करायच्या भाषेच्या २०१४ मधल्या पेपरवर अकरा नावं आहेत आणि ती बॉसहार्टपासून वॉकरपर्यंत सरळ अकारविल्हे लावलेली आहेत. वर्गीस त्यात दहावे. दहावे म्हणून त्यांचा वाटा लहान असं कुणी स्लाइडवर लिहिलं तर ते खोडावं लागतं. २०११ च्या सिगकॉममधला एपस्टाइन, गुडरिच, उयेडा, वर्गीस हा क्रमही अकारविल्हेच आहे. सिद्धांताकडची मंडळी तसंच लिहितात.

शंभराहून कितीतरी जास्त पेपरांतून पाच-सहाच उचला. प्रत्येकापुढे एक ओळ मराठीत लिहा: आधी अडचण काय होती? उत्तर काय दिलं ते नंतर. ही ओळ लिहिता आली नाही तर पेपर अजून वाचून झालेला नाही.

पेपर मिळवायला पैसे लागतात ही समजूत सोडून द्या. एसीएमने २००० सालापर्यंतचे आपले सगळे जुने पेपर २०२२ मध्ये सर्वांना खुले केले. ओएसडीआय, एनएसडीआय या कॉन्फरन्सचे पेपर त्या भरवणाऱ्या यूझेनिक्स संघटनेच्या साइटवर फुकटच असतात. लायब्ररीला सबस्क्रिप्शन नाही, हे कारण माझ्याकडे चालत नाही.

एक पेपर हात घालून वाचा

प्रभाव शोधायचा तर कल्पनेची खूण ओळखता आली पाहिजे, आणि त्यासाठी निदान एक पेपर कागद-पेन घेऊन सोडवावा लागतो. मी एम. श्रीधर आणि वर्गीस यांचा सिगकॉम १९९५ चा डेफिसिट राउंड रॉबिनचा पेपर देते. सगळे त्याला डीआरआर म्हणतात.

अडचण अशी: राउटरच्या एका लिंकवर अनेक फ्लो (एकेका संभाषणातल्या पॅकेटांचे ओघ) येतात आणि बँडविड्थ सगळ्यांना सारखी वाटायची आहे. पाळीपाळीने प्रत्येकाचं एकेक पॅकेट सोडलं तर मोठी पॅकेटं पाठवणारा जास्त खाऊन जातो. १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी फेअर क्यूइंगचा जो मार्ग दाखवला त्यात वाटणी चोख होते. पण प्रत्येक पॅकेटसाठी 'हे कधी संपलं असतं' याचा हिशोब करून क्रम लावावा लागतो आणि फ्लो वाढले की पॅकेटमागचं काम वाढतं. वेगवान लिंकवर तेवढा वेळ मिळत नाही.

डीआरआरमध्ये फ्लोंच्या वेगळ्या रांगा असतात आणि प्रत्येक रांगेला दर फेरीत ठरावीक बाइट मिळतात, त्याला क्वांटम म्हणतात. पुढचं पॅकेट तेवढ्यात बसलं तर सोडायचं; बसलं नाही तर उरलेले बाइट त्या रांगेच्या डेफिसिट काउंटरमध्ये पुढच्या फेरीसाठी ठेवायचे. वहीत हे उदाहरण करून बघा. क्वांटम ५०० बाइट. अ रांगेत पहिलंच पॅकेट १२०० बाइटचं, ब रांगेत सगळी २०० बाइटची. पहिल्या फेरीत अ ला ५०० मिळाले, पॅकेट जात नाही. ब ची दोन गेली, १०० उरले. दुसऱ्या फेरीत अ कडे १०००, अजूनही अडलेलं. ब कडे ६००, तीन पॅकेटं गेली, उरलं शून्य. तिसऱ्या फेरीत अ कडे १५०० झाले, १२०० चं पॅकेट सुटलं, ३०० उरले. ब ची आणखी दोन गेली, १०० उरले. तीन फेऱ्यांत अ चे १२०० बाइट गेले आणि ब चे १४००. जो काही फरक आहे तो काउंटरमध्ये जमा आहे, बुडालेला नाही.

आता पेपरातली बारीक अट बघा. प्रत्येक पॅकेटमागे ठरावीकच काम लागेल, असं तो म्हणतो, पण कधी? क्वांटम निदान सगळ्यात मोठ्या पॅकेटएवढं असेल तेव्हा. आपल्या उदाहरणात अ रांगेला दोनदा हात हलवत परतावं लागलं ते याचमुळे. ही अट पाठ करू नका, फक्त लक्षात असू द्या. पुढे ती एका आकड्याच्या रूपात भेटणार आहे.

सायटेशन मोजू नका, उघडा

स्कॉलरवर डीआरआरच्या पेपरखालचं 'सायटेड बाय' दाबा आणि वर येणाऱ्या 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' या चौकटीत खूण करा. मग शोधशब्द टाका: क्वांटम, हार्डवेअर, डेटा सेंटर, वायरलेस. निघालेल्या पेपरांतून वेगवेगळ्या वर्षांचे वीस-पंचवीस उघडा, त्यात डीआरआरचा संदर्भ-क्रमांक शोधा आणि तो ज्या वाक्यात आला आहे ते अख्खं वाक्य वहीत उतरवून घ्या.

वाक्यं तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग नुसत्या नामोल्लेखाचा: 'फेअर क्यूइंगच्या अनेक पद्धती आहेत' म्हणून कंसात सहा क्रमांक. दुसरा तुलनेचा: आमची पद्धत डीआरआरपेक्षा इतकी बरी, असा आलेख. तिसरा पायाचा, जिथे डीआरआर काढून घेतलं तर तो पेपर उभाच राहत नाही. पहिला ढीग नेहमीच सगळ्यात उंच होतो. मी मुलांना तिसऱ्याच ढिगाबद्दल प्रश्न विचारते. तुलनेचा ढीगही मोलाचा आहे, कारण वीस वर्षांनंतरही नव्या माणसाला ज्याच्याशी बरोबरी करावी लागते ते काम जिवंत असतं.

स्वतःच्याच पेपरांतली आणि सहलेखकांची सायटेशन वेगळी काढा. त्यात गैर काही नाही, माणूस आपल्याच कामावर पुढचं काम रचतो. फक्त ती बाहेर पडलेल्या प्रभावात धरायची नाहीत.

कोडमध्ये शोधा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात.

टायमिंग व्हील्स घ्या. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एका वेळी हजारो टायमर टांगलेले असतात. टीसीपी या प्रोटोकॉलचं प्रत्येक कनेक्शन 'इतक्या वेळात पोच आली नाही तर पुन्हा पाठव' असा टायमर लावतं आणि बहुतेक वेळा पोच येते, म्हणून तो वाजण्याआधीच रद्द होतो. हे टायमर वेळेच्या क्रमाने यादीत ठेवले तर नवा घालताना यादी चाळावी लागते. वर्गीस आणि लॉक यांनी त्याचं चाक केलं. गोल ॲरे, दर टिकला काटा एक घर पुढे, आणि टायमर ज्या घरात वाजायचा त्याच घरात टाकलेला. घालणं आणि काढणं दोन्ही झटक्यात. लांबच्या वेळेसाठी घड्याळात सेकंद, मिनिट, तास यांचे वेगळे काटे असतात तशी एकावर एक चाकं. तासाच्या चाकावरचा टायमर वेळ जवळ आली की खालच्या चाकावर उतरतो. हे काम वर्गीस यांच्या पीएचडीच्या आधीचं, डेकच्या दिवसांतलं आहे. कंपनीत समोर आलेली अडचण आणि तिचं कायमचं उत्तर.

आता फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स उघडा आणि कर्न_टाइमआउट.सी (kern_timeout.c) ही फाइल काढा. वरच्या भागात एक लांब कॉमेंट आहे. हे काम ॲडम कॉस्टेलो आणि जॉर्ज वर्गीस यांच्या टेक्निकल रिपोर्टवर आधारलेलं आहे, आणि मूळ डेटा स्ट्रक्चर वर्गीस-लॉक यांच्या १९८७ च्या, ऑस्टिन, टेक्सास इथल्या एसओएसपीमधल्या पेपरात आलं, असं तिथे कॉन्फरन्सच्या नावासकट लिहिलं आहे. कर्नलच्या फाइलीत पूर्ण संदर्भ! सायटेशनच्या आकड्यात याची भर पडत नाही. पण त्या फाइलीतून किती सर्व्हर चालले असतील याचा विचार करा.

तिथून नेटी या जावाच्या नेटवर्किंग लायब्ररीकडे या. तिच्या हॅश्डव्हीलटायमर या क्लासच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वर्गीस आणि लॉक यांची नावं आहेत. चाकाला मुळात ५१२ घरं, टिक १०० मिलिसेकंदाची. पेपरातलं चित्र समोर ठेवून कोड वाचला तर ओळ न् ओळ कळते. काफ्का या संदेश पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्येही टायमिंगव्हील नावाचाच क्लास सापडतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये टायमर व्हील आहेच. २०१६ साली ४.८ या आवृत्तीत ते नव्याने रचलं गेलं, तरी चाक चाकच राहिलं.

कोड शोधताना लेखकाच्या आडनावाने शोधा, मग पेपरातल्या खास शब्दाने शोधा. आडनाव सापडलं नाही म्हणून थांबू नका. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे की कल्पना एकदा सगळ्यांची झाली की मूळ माणसाचं नाव गळून पडतं. सिस्कोच्या १२००० मालिकेच्या राउटरमध्ये एमडीआरआर नावाचं शेड्युलिंग होतं. त्यातला एम म्हणजे सुधारित, बाकी तीन अक्षरं आपली ओळखीचीच.

आणि आता तो आकडा. लॅबमधल्या लिनक्स मशीनवर टर्मिनल उघडून 'टीसी क्यूडिस्क शो' (tc qdisc show) ही कमांड द्या. केबलने जोडलेल्या इंटरफेससमोर बहुतेक ठिकाणी एफक्यू_कोडेल (पॅकेटांच्या रांगा सांभाळायची पद्धत) दिसेल. वायफायवर कधी 'नोक्यू' असं दिसतं, कारण तिथे हेच काम वायफायच्या आतल्या थरात होतं. केबलवाल्या ओळीत पुढे लिमिट, फ्लोज १०२४, आणि मग: क्वांटम १५१४.

थांबा आणि वहीतली अट काढा. इथरनेटमधलं सगळ्यात मोठं पॅकेट १५०० बाइटचं, वर हेडरचे १४. म्हणजे क्वांटम बरोबर एका पूर्ण फ्रेमएवढं. रांग हात हलवत परतू नये म्हणून १९९५ च्या पेपरात जी अट घातली, तीच इथे मुळातली किंमत होऊन बसली आहे, आणि शब्दसुद्धा तोच. हे ज्या दिवशी वर्गात दाखवते त्या दिवशी मुलं पेपराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. ज्याला परीक्षेपुरतं समजत होते ते त्यांच्या समोरच्या मशीनमधून प्रत्येक पॅकेट सोडत असतं.

मग आरएफसींकडे वळा. एफक्यू-कोडेलचं वर्णन जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८२९० मध्ये आहे. तिथे शेड्युलर डीआरआरवर बेतलेला, बदल केलेला आहे असं सांगून श्रीधर-वर्गीस यांचा पेपर संदर्भात दिला आहे. बदल काय केला तेही वाचा, कारण प्रभाव म्हणजे जसंच्या तसं उचलणं नव्हे. इथे रांगेला आपल्या शिलकीपेक्षा थोडं जास्त पाठवू देतात, काउंटर उणे जातो आणि पुढच्या पाळीत भरून काढतात. शिवाय नव्याने आलेल्या फ्लोला आधी संधी मिळते. लहानसं डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणारं) पॅकेट मोठ्या डाउनलोडमागे अडकत नाही ते यामुळे.

माणसं आणि कंपन्या

हे थोडक्यात आटपतं. सहलेखकांतले विद्यार्थी कोण आणि ते पुढे कुठे गेले ते पाहा. सुमीत सिंग, एस्टान, वर्गीस आणि स्टीफन सॅव्हेज यांचा २००४ चा ओएसडीआयमधला पेपर वर्म (नेटवर्कवरून स्वतःच पसरणारा घातक प्रोग्रॅम) आपोआप ओळखण्याबद्दलचा होता: एकच मजकूर वारंवार दिसतो आणि तो पाठवणारे-घेणारे पत्ते झपाट्याने वाढतात, म्हणजे संशय घ्या. त्याच कल्पनेवर नेटसिफ्ट ही कंपनी निघाली आणि २००५ मध्ये सिस्कोने ती घेतली. काझेमियान यांनी सहकाऱ्यांबरोबर फॉरवर्ड नेटवर्क्स काढली. नेटवर्कचं कॉन्फिगरेशन गणिताने तपासता येतं, ही गोष्ट आज उद्योगात रुळली, त्यात हेडर स्पेसच्या पेपरचा मोठा वाटा आहे.

पाठ्यपुस्तकंही पाहा. वर्गीस यांचं नेटवर्क अल्गोरिदमिक्सवरचं पुस्तक २००४ चं. २०२२ मध्ये जुन शू यांच्याबरोबर दुसरी आवृत्ती आली. त्यात वेगवान यंत्रणा बांधण्याची पंधरा तत्त्वं आहेत. सुटे पेपर एका माळेत कसे बसतात ते लेखकाच्या तोंडून ऐकायचं तर तो पहिला भाग वाचा. पेपर वाचून झाल्यावर वाचा, आधी नको. नाहीतर माळ दिसेल आणि मणी राहतील.

एच-इंडेक्स शेवटी लिहा, एका ओळीत. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो सुचवला: ज्याचे निदान वीस पेपर प्रत्येकी वीस वेळा तरी सायट झाले आहेत त्याचा एच वीस. दोन माणसांची ढोबळ तुलना करायला ठीक. टायमिंग व्हील्सचा पेपर एच-इंडेक्समध्ये एक म्हणूनच धरला जातो, इतर कोणत्याही पेपरइतकाच.

आता तुमची पाळी. सिल्व्हिया रत्नसामी घ्या. पुणे विद्यापीठाच्या बीई, बर्कलीच्या पीएचडी. त्यांचा कॅनचा पेपर सिगकॉम २००१ मधला; कॅन म्हणजे डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबलच्या (माहिती अनेक मशीनवर वाटून ठेवून शोधायच्या पद्धतीच्या) पहिल्या चार रचनांपैकी एक, आणि त्याच कॉन्फरन्समध्ये कॉर्ड या दुसऱ्या रचनेचाही पेपर होता. २०१४ चा ग्रेस मरे हॉपर पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. इथे माग अवघड आहे, कारण फाइली वाटणाऱ्या बिटटॉरंटने पुढे कॅन घेतलं नाही, कॅडेमलिया ही नंतरची रचना घेतली. तेव्हा कॅनची रचना कोडमध्ये शोधत बसू नका. कॅडेमलियाचा पेपर उघडा, त्याच्या लेखकांनी आधीच्या रचनांमधलं काय ठेवलं आणि काय टाकलं ते दोन रकान्यांत लिहा, आणि मग तिसऱ्या ढिगातली वाक्यं गोळा करायला लागा.